गुरुवारचं अत्तर

आमच्या पेंट शॉपच्या दारावर एक पाटी आहे. डिओ, सेंट, हेअर जेल, बॉडी लोशन लावून आत येऊ नये. नवीन पोरं पहिल्या दिवशी हसतात. त्यांना वाटतं, शिस्तीचा काहीतरी प्रकार असेल. मग कुणीतरी त्यांना एक रिजेक्ट झालेला बंपर दाखवतं. चकचकीत काळ्या रंगात मसुराच्या डाळीएवढा एक गोल खड्डा, मधे ठिपका, अगदी माशाच्या डोळ्यासारखा. सिलिकॉनचा सूक्ष्म अंश ओल्या रंगावर पडला की रंग त्याच्यापासून लांब पळतो आणि असा डोळा उघडतो. क्रीममध्ये, जेलमध्ये, बऱ्याच डिओंमध्ये सिलिकॉन असतं. कुणाच्या काखेतला स्प्रे कुणाच्या नव्या गाडीच्या तोंडावर येऊन बसेल, सांगता येत नाही.

अत्तरात बहुधा सिलिकॉन नसतं. पण गेटवर हा वाद घालण्यात अर्थ नाही. नियम सगळ्यांना सारखा. त्यामुळे चाकणच्या या शॉपमध्ये गेली चार वर्षं मी आठवड्यातले सहा दिवस बिनवासाचा माणूस असतो. थिनरचा वास येतो तो कपड्यांना, मला नाही. सुट्टी गुरुवारी. म्हणून माझं अत्तरही गुरुवारचं.

सुरुवात साध्या कारणाने झाली. पिंपरीच्या बाजारात रमजानच्या दिवसांत संध्याकाळी खजूर, शेवया, टोप्या आणि अत्तरांच्या टेबलांची रांग लागते. मी खजूर घ्यायला गेलो होतो. टेबलामागच्या चाचांनी न विचारता माझा हात धरला, मनगट उलटं केलं आणि काचेच्या काडीने एक रेघ ओढली. ‘हिना,’ ते म्हणाले. मी हात नाकाजवळ नेला आणि मला आमच्या जुन्या घरातलं लोखंडी कपाट आठवलं. त्यातला खालचा कप्पा, आण्णांचा लग्नकार्याचा सदरा, त्याच्या घडीत ठेवलेली बोटभर लांबीची बाटली.

आण्णा म्हणजे माझे वडील. गावाकडून भोसरीत आले ते क्रोम प्लेटिंगच्या एका छोट्या शेडमध्ये लागले आणि एकोणीस वर्षं तिथेच राहिले. क्रोमच्या टाकीतून करंट गेला की वर बारीक तुषार उठतात. ते नाकात जातात आणि हळूहळू नाकाचा मधला पडदा खातात. वैद्यकाला ही गोष्ट एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. शेडमध्ये मात्र ती कुणाला ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून कुणी बोललं नाही. आण्णांना आता वास येत नाही. आमटी करपली तर आई ओरडते तेव्हा कळतं. गॅस लीक झाला तर काय, हा आमच्या घरातला कायमचा प्रश्न. म्हणून ती हिनाची बाटली कपाटात पडून होती. गेल्या कित्येक लग्नांत ती बाहेर आली नव्हती.

त्या दिवशी मी चाचांकडून तीन मिलीची हिना घेतली आणि घरी येऊन आण्णांसमोर मनगट धरलं. त्यांनी सवयीने हुंगलं, मग मान हलवली. ‘कसली आहे?’ त्यांनी विचारलं. मी सांगू लागलो आणि अडकलो. गरम आहे म्हणालो. गोड नाही म्हणालो. कपाटासारखी आहे म्हणालो. एवढंच. तेव्हापासून दर गुरुवारी मी एक अत्तर लावतो आणि ते त्यांना सांगायचा प्रयत्न करतो. त्या प्रयत्नात जे वाचलं, शोधलं, ते इथे लिहितो आहे.

हिनापासून धरू. हिना दोन प्रकारची असते, हे मला फार उशिरा कळलं. एक मेंदीच्या फुलांची, गुलहिना. दुसरी म्हणजे मसाल्यांची, मुळ्यांची, लाकडांची, राळांची, बऱ्याच दिवसांच्या कामाची हिना. कन्नौजला ती तयार होते आणि प्रत्येक घराण्याचा मसाला वेगळा, तो कुणी सांगत नाही. तिथली पद्धत अशी. तांब्याच्या मोठ्या डेगेत फुलं किंवा मसाला आणि पाणी घालायचं, झाकण मातीने लिंपायचं, खाली लाकडं किंवा गोवऱ्या जाळायच्या. बांबूच्या नळीतून वाफ पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरते. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफ थंड झाली की सुवास त्या तेलात मुरतो आणि पाणी वेगळं काढून टाकतात. थर्मामीटर नाही. भपक्याला हात लावून कारागीर ओळखतो की विस्तव किती ठेवायचा. आमच्याकडे ओव्हनचं तापमान दोन अंश सरकलं तर मोबाइलवर मेसेज येतो, म्हणून मला याचं जास्त अप्रूप. कन्नौजच्या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

हिना अंगावर चढायला वेळ घेते. पहिली दहा मिनिटं ती नुसती कडवट असते, औषधाच्या दुकानासारखी. तासाभराने ती उबदार होते. रात्री उशीला येणारा वास सगळ्यांत चांगला. हिवाळ्यात हिना, उन्हाळ्यात खस, पावसाळ्यात माती, असा अत्तरवाल्यांचा पंचांगासारखा हिशोब आहे. खस म्हणजे आपला वाळा. माठात टाकायचा, कूलरच्या जाळीत भरायचा तोच. चांगलं खसाचं तेल हिरवट असतं, तो रंग तांब्याच्या डेगेतून येतो. हे मी आण्णांना सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, ‘म्हणजे तांबं सुटतंय त्यात.’ प्लेटिंगवाल्या माणसाला हे बरोबर कळणारच.

गुलाबाने माझी निराशा केली. बाजारातला स्वस्त गुलाब म्हणजे सरबत. पण त्याच्या शोधात मी एका विलक्षण गोष्टीपाशी पोचलो.

जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवलंय की गुलाबाचं अत्तर त्याच्या काळात सापडलं आणि ते सापडलं नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला. ती गुलाबपाणी करत असताना गरम पाणी भांड्यात ओतलं की वर तवंग धरायचा. तिने तो तवंग थोडाथोडा करून गोळा केला. त्याचा एक थेंब तळहाताला लावला तर सगळी मैफल दरवळते, असं बादशहा कौतुकाने सांगतो. त्याने तिला मोत्यांची माळ दिली आणि सलीमा सुलतान बेगमने अत्तराचं नाव ठेवलं अत्तर-ए-जहांगिरी. गुलाबपाणी त्याच्या कितीतरी आधीपासून होतं आणि तवंग इतरांनीही पाहिला असणार, त्यामुळे पहिला शोध हाच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण दरबाराच्या नोंदीत स्वयंपाकघरातली एक बाई शोधाची मालकीण म्हणून उभी राहते, हे काय कमी आहे?

आता या बाईची नातवंडं बघा. तिचा मुलगा आसफखान. आसफखानाची मुलगी मुमताज महल, तिला सगळे ओळखतात. आणि आसफखानाचा मुलगा शाहिस्तेखान. तोच, ज्याची बोटं १६६३ साली लाल महालात तुटली. त्याच्या तीन वर्षं आधी, १६६०च्या पावसाळ्यात, याच शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला होता. किल्ला भुईकोट, लहानसा. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. जवळजवळ दोन महिने तो लढला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा किल्ला द्यावा लागला. खानाने फिरंगोजीला चाकरी देऊ केली, ती त्याने घेतली नाही.

म्हणजे जिच्या नावावर गुलाबाचं अत्तर आहे, तिचा नातू आमच्या बस स्टॉपपासून चालत जाता येईल अशा जागी चिखलात तंबू ठोकून बसला होता. त्याने तेव्हा काय लावलं होतं, हे कुठल्या बखरीत लिहिलेलं मी वाचलेलं नाही आणि उगाच कल्पनाही करणार नाही. पण शिफ्ट सुटल्यावर मी एकदा मुद्दाम संग्रामदुर्गाच्या पडक्या तटाजवळ गेलो. मनगटावर गुलाब होता. आजूबाजूला कांद्याचा वास. चाकणचा कांदाबाजार मोठा आहे आणि वारा त्या बाजूचा असला की दुसरं काही टिकत नाही. जहांगिरी गुलाबसुद्धा नाही.

मुघलांकडे सुगंधाचं खातंच होतं. ऐन-ए-अकबरीत खुशबूखान्यावर वेगळं प्रकरण आहे, पदार्थांच्या किमतींसकट. त्यात अर्गजा आहे, चोवा आहे, जबाद आहे. हे शब्द जुन्या मराठीतही आहेत. जबादला आपण जवादी म्हणायचो, जवादी मांजराची कस्तुरी. दरबार संपताना अत्तर-पान द्यायची चाल पेशवाईत होती, संस्थानांत होती, इंग्रजांच्या दरबारांतही चालू राहिली. अत्तर हातावर आलं म्हणजे आता उठा, असा त्याचा अर्थ. लग्नात दारावर गुलाबपाणी शिंपडून आपण स्वागत करतो, आणि दरबारात अत्तर लावून निरोप द्यायचे. मला ही दुसरी रीत जास्त सभ्य वाटते. मीटिंग संपत नाही तेव्हा तर फारच.

पण मुघलांच्या आधीचं काय? अत्तर हा शब्द अरबीतून आला म्हणून सुगंधाची सगळी विद्याच तिकडून आली, असं मी समजत होतो. ते पूर्ण चूक निघालं. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक अध्याय लिहिला. त्यात सोळा द्रव्यांचा एक तक्ता आहे, चार बाय चारचा. सोळातून चार निवडायचे १८२० मार्ग होतात. मग कुठलं द्रव्य किती भाग, हे बदलत गेलं की एकूण १,७४,७२० सुगंध तयार होतात, असा त्याचा हिशोब. हे वाचल्यावर मी दोनदा कॅलक्युलेटर काढला. १८२० गुणिले ९६. बरोबर येतं. एवढे वास घ्यायला नाक कुठून आणायचं, हा प्रश्न वराहमिहिराला पडला नसावा. गणिती माणूस.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, मानसोल्लासात राजाच्या उपभोगांमध्ये गंधाला जागा दिली. आणि यानंतरची गोष्ट थेट पुण्यातली आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत परशुराम कृष्ण गोडे नावाचे क्युरेटर होते, १९१९पासून १९६१पर्यंत. पोथ्यांच्या राशीत बसून त्यांनी कशाकशाचा इतिहास शोधला. गोड्यांच्या हाताला एक हस्तलिखित लागलं. त्यात गंगाधर नावाच्या लेखकाचा गंधसार हा संस्कृत ग्रंथ होता, आणि त्यासोबत अनाम लेखकाचा गंधवाद. गंधवादाला टीका होती ती मराठीत.

मराठीत! चौदाव्या ते सोळाव्या शतकांच्या दरम्यान कुणीतरी मराठी माणूस बसून लिहीत होता की सुगंधी तेलं कशी करायची, लेप कसा घोटायचा. आपल्या जुन्या मराठीचं नाव काढलं की अभंग, ओव्या, बखरी एवढंच डोळ्यांसमोर येतं. ही टीका म्हणजे कारागिराची मराठी. १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने हे दोन्ही ग्रंथ छापले.

गंधसारात सुगंध करायच्या सहा क्रिया सांगितल्यात. भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. भावन म्हणजे चूर्ण सुगंधी द्रवात भिजवणं. पाचन म्हणजे शिजवणं. धूपन म्हणजे धुरी देणं, वासन म्हणजे फुलांच्या संगतीत ठेवणं. मधले दोन शब्द मला फार आवडले. बोध म्हणजे वास जागा करणं, आणि वेध म्हणजे कस्तुरी-कापरासारख्या तीव्र द्रव्याने तो भेदणं. आमच्या लाइनवरही साफसफाई, प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट, भट्टी असा क्रम असतो. तो चुकवून चालत नाही. पण आमच्याकडे एकाही टप्प्याला बोध असं नाव नाही.

आण्णांना हे वाचून दाखवलं. वेध त्यांना पटला. शेडमध्ये ॲसिडची बरणी उघडली की तसंच व्हायचं म्हणाले.

एव्हाना माझ्याकडे अकरा कुप्या झाल्या होत्या आणि एक अप्रिय गोष्ट लक्षात आली होती. त्यांतल्या नऊ तरी खोट्या होत्या. खोट्या म्हणजे फसवणूक अशा अर्थाने नाही, चाचा पहिल्या दिवसापासून स्पष्ट सांगत होते. खरं अत्तर चंदनाच्या तेलात उतरतं. १७९२ साली टिपूने चंदनाला राजवृक्ष ठरवलं, पुढे म्हैसूर संस्थानाने आणि मग सरकारने तो हक्क चालवला, १९१६ साली म्हैसूरला चंदनतेलाचा कारखाना निघाला. झाडं मात्र कमी होत गेली, चोऱ्या वाढल्या, भाव आकाशाला भिडला. आता चंदनाऐवजी डीपीजी नावाचं बिनवासाचं रसायन किंवा लिक्विड पॅराफिन वापरतात आणि त्यात कंपाउंड मिसळतात. शंभर-दीडशे रुपयांत मिळणारा ‘व्हाइट ऊद’ याहून वेगळा असूच शकत नाही. कस्तुरीचंही तेच. खरी कस्तुरी १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर विषयच नाही, आणि प्रयोगशाळेतली कस्तुरी तर १८८८ सालीच जर्मनीच्या बाउरने स्फोटकांवर काम करता करता शोधली होती.

कंपाउंड म्हटलं की नाकं मुरडतात, तेही मला पटत नाही. या धंद्यात मराठी माणसंही आहेत. केळकरांची एस. एच. केळकर ही कंपनी मुंबईत १९२२ साली सुरू झाली आणि आपण रोज अंगाला लावतो त्या साबणातला, पावडरीतला वास अशाच कंपन्यांमधून येतो. मुलुंडच्या वझे-केळकर कॉलेजमधल्या केळकरांचा संबंध त्याच घराण्याशी. मला माझ्या खोट्या मोगऱ्याने डोकेदुखी दिली, पण खोटा केवडा मी आनंदाने लावतो. गौरी-गणपतीचा आठवडा बारा महिने.

खरी कुपी मी एकच घेतली. मातीची. बोनस आला तेव्हा, कन्नौजहून, कुरियरने.

मातीचं अत्तर करताना मातीच्या भाजलेल्या चकत्या, कुल्हडांचे तुकडे डेगेत घालतात आणि त्यांचा वास चंदनात उतरवतात. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये पहिल्या पावसाच्या वासावर निबंध लिहिला. कोरड्या दगडमातीत मुरलेलं एक पिवळसर तेल त्यांनी वाफेने वेगळं केलं आणि त्या वासाला पेट्रिकोर असं नाव दिलं. भारतातले अत्तरवाले हा वास चंदनात पकडून विकतात, याची दखल त्यांनी घेतली होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेत नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लेशेवालिए यांनी ओल्या मातीच्या वासातला दुसरा घटक शोधला, जिओस्मिन. तो मातीतले सूक्ष्मजीव तयार करतात, मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस. माणसाचं नाक जिओस्मिनला इतकं तिखट आहे की पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे पाच-दहा भाग असले तरी कळतात.

स्ट्रेप्टोमायसिस हे नाव वाचलं आणि मी थांबलो. पिंपरीत वाढलेल्या माणसाला हे नाव ओळखीचं असतं. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. आमच्याकडे तिला नुसतं एचए म्हणतात. एचए कॉलनी, एचए ग्राउंड. आधी पेनिसिलिन निघालं, मग साठच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन, जे स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसपासून बनतं. त्याच सुमारास तिथल्या थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी बुरशीवरचं एक नवं औषध शोधलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. औषधाचं नाव हॅमायसिन, त्यातला ‘हॅ’ म्हणजे एचए.

म्हणजे जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या यादीत पिंपरीचं नाव आहे, आणि ते आहे मातीला वास देणाऱ्या कुळात. ऑटो क्लस्टरच्या बोर्डांवर, मेट्रोच्या खांबांवर हे कुठे लिहिलेलं नाही. मी ही गोष्ट शॉपमध्ये तिघांना सांगितली. एकाने विचारलं, ‘मग त्याचा वास येतो का कंपनीजवळ?’

मातीची कुपी मी गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी उघडली. नारायणगावजवळ चुलतबहिणीचं लग्न होतं, सकाळी एसटीने निघायचं होतं. आण्णा तयार होऊन बसले होते. मी मनगटावर काडी ओढली. आधी चंदनाचा मऊपणा, मग खालून ती, नव्या माठात पहिल्यांदा पाणी भरल्यावर येते तशी.

‘कसला आहे?’ आण्णांनी विचारलं.

‘मातीचा. पहिल्या पावसासारखा.’

‘कुठल्या पहिल्या पावसासारखा? गावच्या का भोसरीच्या?’

मला फरक माहीत नव्हता. मी भोसरीतच जन्मलो. आण्णा सांगत राहिले. गावाला आधी गोठ्याचा वास उठायचा, मग खळ्याचा, सगळ्यात शेवटी शेताचा. भोसरीत आधी पत्र्याचा, मग डांबराचा. शेडमागे नाल्याच्या बाजूला थोडी मोकळी जमीन होती, जेवणाच्या सुट्टीत ते तिथे जाऊन उभे राहायचे. तिथे मातीचा यायचा. एके वर्षी आला नाही. त्यांना वाटलं, त्या वर्षी पाऊस कमी असेल.

हे त्यांनी याआधी कधी सांगितलं नव्हतं. आई डबा भरता भरता थांबली होती.

‘गावचा आहे,’ मी म्हणालो. ‘शेताचा. शेवटचा.’

‘मग लाव की मला. मला नाही आला तरी समोरच्याला येतो ना?’

मी कापसाचा फाया केला, कुपीत बुडवून पिळला. उजव्या कानात ठेवायला गेलो तर त्यांनी मान फिरवली. डाव्या कानात लाव म्हणाले, उजवीकडे खिडकी येते, चाकणपर्यंत सगळा उडून जाईल.